थोरल्या बहिणीचं पोटाचं दुखणं

हर्स्टव्हिलच्या बागेत रोज सकाळी सात वाजता चाळीस चिनी बायका सूफेनच्या मागे पंखे घेऊन नाचतात. तिचं वय बासष्ट. कुणाचं पाऊल चुकलं की ती नाव घेऊन हाक मारते, त्यामुळे पावलं सहसा चुकत नाहीत.

छातीच्या मोफत तपासणीची पत्रं तिला तीनदा आली होती. तिन्ही तिने तांदळाच्या डब्याखाली सारली.

"आमच्या घराण्यात हा आजारच नाही," ती बायकांना सांगे. "थोरली सूलान गेली, ती पोटाच्या दुखण्याने. मग परक्यापुढे कपडे काढायचे कशाला? आजाराचं नाव काढलं की तो घर शोधत येतो."

बायका माना डोलवत.

छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, तिने मायदेशी, तायशानला फोन लावला. सूलानचं थडगं झाडून दाजी नुकतेच परतले होते. आवाज जड होता.

"पोट कसलं, सूफेन! छातीत गाठ होती. तिला कळू द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. पोटाचं औषध समजून बिचारी घेत राहिली."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू तिला सांगितलं असतंस."

ते मात्र खरं होतं.

घरी कुणाला काही न बोलता सूफेनने डब्याखालचं पत्र काढलं आणि वेळ ठरवली. छातीचा फोटो काढणारी बाईच होती. घरात हा आजार कुणाला, या प्रश्नापुढे सूफेनने लिहिलं : बहीण.

दहा दिवसांनी इंग्रजीत पत्र आलं. तिची मुलगी यीनिंग हिने ते उभ्याउभ्या वाचून लगेच घडी घातली.

"सगळं ठीक आहे, आई. फोटो जरा हललाय, पुन्हा काढतील. सूप गरम करू?"

आठ वर्षांपूर्वी, सूलानच्या आजारपणात, दाजी फोनवर अगदी असंच बोलले होते. 'पोटच आहे, होईल बरं. जेवलीस का?'

"यीनिंग, खाली बस. शब्द न् शब्द वाच."

"कशाला आई, तुझ्या जिवाला उगाच घोर..."

"जीव माझा, घोरही माझाच. तुझ्या मावशीला तेवढंही कुणी दिलं नाही."

यीनिंगने डोळे पुसत वाचलं. डाव्या बाजूला डाग दिसतोय, सोमवारी सुईने तपासू.

डाग मुगाएवढा निघाला. तो वेळेत काढला. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा लवकर क्वचितच कुणी येतं.

दीड महिन्याने सूफेन बागेत परतली. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पहिल्या रांगेतली बाओझू जवळ येऊन कुजबुजली, "पोटाचं काही होतं का गं?"

सूफेनने गाणं बंद केलं. चाळीस पंखे जागच्या जागी थांबले.

"पोट नाही. छातीचा कॅन्सर. काढून टाकला." ती शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "बाओझू, तुझ्याकडे किती पत्रं पडलीत?"

"दोन... बहुतेक तीन."

"उद्या घेऊन ये. मी येते तुझ्याबरोबर. बाकीच्यांनीही डबे उचलून बघा."

तिने गाणं पुन्हा लावलं.

"चला, उजवं पाऊल आधी. बाओझू, उजवं!"