नारळ टेबलावर ठेवा

"पडू दे. उद्या असाच पडू दे," मॅडम म्हणाल्या.

नारळ माझ्या हातातून सुटून स्टेजवर गडगडत गेला होता आणि माइकच्या स्टँडला थडकला होता. मी वाकून उचलायला गेले तर त्यांनी मला थांबवलं.

"राहू दे गं. किती नॅचरल पडला! उद्या वकीलसाहेब तुला शाल-श्रीफळ देतील ना, तेव्हा अस्साच सोडायचा. मग मी माइकवरून म्हणणार, हिला साधा नारळ धरवत नाही, पण ही मुलगी हिमालय चढणार आहे! बघ काय टाळ्या पडतील."

खुर्च्या लावणारी माणसं हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत होती. माझं मनगट ठणकत होतं. मी हसले. आपला अपमान चाललाय हे कळत असताना जे हसू येतं ना, ते. मॅडमनी नारळ पुन्हा माझ्या हातात दिला. पाडायची प्रॅक्टिस करायला.

मला संधिवात आहे. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नाही. हा कॉलेजात असताना आला आणि मुक्कामालाच राहिला. बोटं, मनगटं, गुडघे, घोटे, सगळं सुजतं. डॉक्टर म्हणाले, ही जन्माची सोबत आहे. सकाळ सगळ्यात वाईट. उठलं की अंग लाकडाचं. मूठ मिटत नाही, वेणी माय घालते, चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरायचा. दुपारपर्यंत हळूहळू एकेक सांधा सुटतो. संध्याकाळी मी बरीचशी माणसांत येते. पण हे बघणाऱ्याला कळत नाही. सकाळी बघणारा म्हणतो, बिचारी. संध्याकाळी बघणारा म्हणतो, नाटकी.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. आजा निजामाच्या काळात काचीगुडा स्टेशनवर हमालीला आला, तेव्हापासून आम्ही हैदराबादी. राहायला चिक्कडपल्लीच्या मागच्या वस्तीत. माय बरकतपुऱ्यात वकीलसाहेबांकडं धुणंभांडी करायची. त्यांचं पिढीजात मराठी घर, वडील निजामाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. माय मागच्या दारानं आत जायची, मागच्याच दारानं बाहेर यायची. तिचा चहाचा कप मोरीच्या खिडकीत वेगळा पालथा घातलेला असायचा. मी लहान असताना विचारलं होतं, "माय, तुझा कप आत का नाही ठेवत?" तर म्हणाली, "तुला कायकू पाहिजेत पंचायती?"

त्या वर्षांत शहरात रोज नवी कंपनी उघडायची. पुण्या-मुंबईची मराठी माणसं मोठमोठ्या पगारावर यायची आणि वकीलसाहेबांच्या मराठी मंडळात मेंबर व्हायची. तसेच एक साहेब पुण्याहून आले. वकीलसाहेबांनी त्यांच्याकडं माझ्यासाठी शब्द टाकला. नोकरी लागली. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल, समोर कॉम्प्युटर. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून टेपवर बोलतो, ते ऐकून मी टाइप करायचं. दुखत्या घोट्यानं पेडल दाबायचं, दुखत्या बोटांनी टाइप करायचं, आणि टाइप काय करायचं, तर दुसऱ्यांची दुखणी.

मॅडम म्हणजे साहेबांच्या बायको. त्यांनी संधिवात झालेल्या गरीब मुलांसाठी हिमालय चढायचा बेत काढला. मंडळातली माणसं डोंगर चढणार, लोक देणगी देणार. एकदा ऑफिसात आल्या, माझी बोटं बघितली आणि टाळीच वाजवली. "अगं, मग तूच चल ना! तू आमचा चेहरा!"

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जन्मभर मला सगळे एकच सांगत आले होते, बस. लग्नात बस, बसमध्ये बस, तुझ्याच्यानं होणार नाही, तू बस. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, चढ. मी घरी जाऊन मायला सांगितलं तर ती मटकन खालीच बसली. "आगं बाई, जिना चढताना तोंडाला फेस येतो तुझ्या!" पण तिलाही आतून बरं वाटलं होतं. वस्तीत चार घरी सांगून आली.

माझं पोस्टर निघालं. कोठीच्या बाजारात लागलं, जामबागच्या शाळांच्या भिंतींवर लागलं. फोटो काढायच्या दिवशी नेमके माझे पाय बरे होते. मी सरळ चालत आले तर फोटोग्राफर मॅडमकडं बघायला लागला. मॅडम म्हणाल्या, "जरा लंगडून चाल ना. कळायला नको का?"

मी लंगडले.

सराव मौला अलीच्या डोंगरावर, दर्ग्याच्या पायऱ्यांवर. भल्या पहाटे. सगळे गाड्यांतून उतरायचे, पायांत नवे बूट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. मी मायचा हात धरून रिक्षातून उतरायची. त्या वेळेला माझ्या गुडघ्यात जीव आलेलाच नसायचा. पायरीवर पाय ठेवला की कुणीतरी आतून पक्कड लावून पिळतंय असं वाटायचं. मी मॅडमना सांगितलं, "मॅडम, मला संध्याकाळी सराव करू द्या. सकाळी माझे सांधे आखडतात."

"डोंगर काय तुझ्या सोयीनं संध्याकाळी येणार आहे का गं?"

सगळे हसले. त्यांतलाच एक म्हणाला, "काल संध्याकाळी तर ऑफिसचा जिना टणाटण उतरत होती!" पुन्हा हसले. मी खालच्या पायऱ्यांवर बसून राहिले. वरून त्यांचे आवाज यायचे. उतरताना मॅडम माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणायच्या, "विल पॉवर पाहिजे, विल पॉवर!"

म्हणजे बघा. डोंगरावर मी ठणठणीत पाहिजे. फोटोत मी लंगडी पाहिजे. माझं दुखणं, पण ते कधी दुखायचं हे ठरवणार त्या.

मग मी काय केलं, रविवारी दुपार उतरल्यावर एकटीच सिटी बस धरून मौला अलीला जायला लागले. चार पायऱ्या चढायच्या, बसायचं, पुन्हा चढायचं. दर्ग्याला निघालेल्या एक बुरख्यातल्या बाई म्हणाल्या, "आहिस्ता अम्मा, जल्दी काय की?" आणि त्याही माझ्यासोबत टेकल्या. असं करत करत एका रविवारी मी वर पोचले. सगळं शहर खाली पसरलेलं. मी वर बसून रडले. दुखत होतं म्हणून नाही. वर आले म्हणून. पोचायचं कसं ते मला कळलं होतं. माझ्या वेळेला, माझ्या चालीनं.

हिमालय मला पाहिजे होता. हे नीट ऐका. मी काही डोंगराला घाबरून मागं सरले नाही. इतकं दुसरं काही मला जन्मात हवंसं वाटलं नव्हतं.

म्हणून तर गळ्यात फास बसला होता. नोकरी साहेबांची. औषधाचा डॉक्टर मॅडमनी लावून दिलेला. मायचं काम वकीलसाहेबांकडं. आणि टीममधली जागाही त्यांच्याच हातात. नाही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? कुठल्याही बाजूला पाय टाकला की कुणाच्या तरी उपकारावरच पडायचा. माय रोज घोकायची, "त्यांचं मीठ खातोत आपण. तोंड बंद ठेव." मी बंद ठेवलं. अंग आखडलेलं होतंच, जीभही आखडली.

टीमच्या सत्काराच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हॉलवर रंगीत तालीम करून, नारळ पाडायची प्रॅक्टिस करून, मी ऑफिसला गेले. हेडफोन लावले. टेपवर एक डॉक्टर बोलत होता. पेशंट बाई, माझाच रोग. सकाळी अंग आखडतं, म्हणून बाईनं ऑफिसला कळवलं आणि ऑफिसनं तिची वेळ बदलून दिली. आता ती दुपारी कामावर जाते. डॉक्टर हे असं सांगत होता की जणू काही विशेष नाहीच. पुढं लगेच तिच्या रक्ताचं सांगायला लागला.

मी पेडल उलटं दाबलं. पुन्हा ऐकलं. ती बाई रडली नव्हती, कुणाच्या पाया पडली नव्हती. तिनं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. मी हेच मागितलं तर सगळे हसले होते. माझ्या अंगाची आग आग झाली. इतके दिवस मी समजत होते की चूक माझ्या सांध्यांत आहे. हौली कुठली! येडीच मी. सांधे जसे आहेत तसे आहेत. चूक हसणाऱ्यांची होती.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. समई लागली, स्वागतगीत झालं. माय मागच्या भिंतीला टेकून उभी होती, शेवटच्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या असताना. माझं नाव पुकारलं. वकीलसाहेबांनी खांद्यावर शाल टाकली. मग नारळ पुढं केला. मॅडमनी माइक तोंडाशी धरलाच होता. मला डोळ्यांनी खूण केली.

मी हात पुढं केलेच नाहीत.

"घे ना बेटा," वकीलसाहेब हळूच म्हणाले.

मी मॅडमच्या हातातला माइक घेतला. दोन्ही तळव्यांत दाबून धरला.

"नारळ टेबलावर ठेवा. मला तो धरवत नाही, हे खरं आहे. पण पाडून दाखव म्हणून मला काल सांगितलंय, ते मी करणार नाही. मला सराव संध्याकाळी पाहिजे होता. तेवढं दिलं असतं तर मी चढले असते."

कुणी टाळी वाजवली नाही. वकीलसाहेब नारळ हातात धरून तसेच उभे. मग म्हणाले, "बेटा, मोठ्यांपुढं असं बोलत नसतात." मॅडमनी माइक हिसकावून घेतला आणि हसत म्हणाल्या, "जरा इमोशनल झालीय ती."

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि चालत मायपाशी गेले. पाय दुखत होता. लंगडत गेले.

घरी आल्यावर मायच्या तोंडाचा पट्टा सुटला. "पायावर धोंडा पाडून घेतलास! माझ्याबी पायावर पाडलास!" खरंच पाडला होता. दुसऱ्याच दिवशी वकीलसाहेबांच्या घरी तिला मागच्या दारातूनच परत पाठवलं. नवी बाई मिळाली म्हणे.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम तिथंच बसलेल्या. साहेब फार गोड बोलले. "हे बघ, भावनेच्या भरात बोलले म्हण, मंडळात येऊन सॉरी म्हण, विषय संपला. टीममध्येही राहशील. सरावाचंही बघू काहीतरी."

डोंगर पुन्हा माझ्यासमोर आणून ठेवला होता. खरंच सांगते, तोंडापर्यंत आलं होतं हो. घरात माय रिकाम्या हातानं बसलेली होती. एक सॉरी. काय जातं?

मी म्हणाले, "सॉरी म्हणणार नाही. भिंतींवरचा माझा फोटो उतरवा."

"पोस्टरं छापून झालीत," मॅडम म्हणाल्या. "देणग्या त्याच्यावरच चालल्यात. एवढा त्रागा कशाला करतेस?"

"उतरवा."

"आणि नाही उतरवली तर? काय करशील तू?"

ते लोक गेले हिमालयात. मी खालीच राहिले. नोकरीचा भरवसा नाही, औषधाचा नाही, माय माझ्याशी धड बोलत नाही. भिंतींवर मी अजून लंगडतेय.

पण मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मी देऊन आले आणि ते अजून तेच आहे. माझ्या दुखण्याच्या नावानं कुणी पावती फाडायची नाही. जिथं फाडाल तिथं दारात येऊन उभी राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सगळं सांगीन. उभं राहवलं नाही तर बसून सांगीन. सकाळी जमलं नाही तर दुपारी येईन. पण येईन.