गुऱ्हाळावर उपाध्यक्ष

आमच्या शहरात कलासंग्रहालय होतं. शहराला त्याचा अभिमान होता, उपयोग काहीच नव्हता. सांगली जिल्ह्यातल्या त्या शहराचं नाव मी सांगत नाही. संग्रहालयाच्या समितीतले काहीजण अजून हयात आहेत आणि अजून हार घालून घेतात. मी मूळचा पाटणकडचा. नव्वदच्या दशकात या शहरातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो.

जुन्या काळी कुणा संस्थानिकानं आपली चित्रं आणि प्लास्टरचे पुतळे शहराला देऊन टाकले होते. संग्रहालय सोमवारी बंद असे आणि बाकीचे दिवस उघडं असूनही बंदच. शिराळ्याची नागपंचमी पाहून परतणारी माणसं तेवढी पंख्याखाली टेकायला यायची. शाळेच्या सहली आल्या की पोरं प्लास्टरच्या उघड्या देवीसमोर खिदळत आणि मास्तर लोक खिडकीबाहेर बघत उभे राहत. त्या मास्तरांत मीही असे.

समितीची बैठक मोठ्या दालनातच भरे. लहान चित्रांच्या काचेच्या पेटीवर वर्तमानपत्र पसरून भडंग ओतलं जाई. पेटीच्या काचेवर तेलाचे डाग पडलेले होते, ते कुणी कधी पुसले नाहीत. अध्यक्ष साखर कारखान्याचे संचालक, सचिव त्यांचे मेहुणे. चित्रातलं कुणालाच काही कळत नव्हतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. लाज वाटत असती तर मी त्यांना माफ केलं असतं.

या समितीनं एक दिवस ठराव केला की, माजी आणि आजी पदाधिकाऱ्यांची तैलचित्रं दालनात लावायची. चित्रकार म्हणून मला बोलावलं. मी लगेच गेलो. कुणीतरी आपल्याला चित्रकार म्हटलं, एवढ्यावरच मी पाघळलो होतो.

पहिलं तैलचित्र एका मयत अध्यक्षांचं होतं. सचिवांनी लग्नातला फोटो दिला आणि कॅनव्हासही दिला, पांढरा रंग मारून तयार केलेला. मी चौकटी पाडून फोटो मोठा केला आणि रंगवायला लागलो. गालाचा रंग लावताना कुंचल्याखाली काहीतरी खरखरीत लागत होतं. पांढऱ्याच्या खाली जुन्या रंगाचे उंचवटे होते. मला ते कळलं, पण मी विचारलं नाही. अनावरणाला मला शाल मिळाली.

दुसरं चित्र विद्यमान अध्यक्षांचं. त्या वेळी संग्रहालयाच्या शिपायानं कॅनव्हास आणून दिला तो तसाच, पांढरा न मारता. शिपाई पलूसकडचा, फौजेतून निवृत्त होऊन आलेला.

"चुना संपला का?" मी थट्टेनं विचारलं.

"आवं मास्तर, पांढरा रंग आलाच न्हाई. सचिव म्हनले, मास्तरच मारून घेतील."

त्यानं कॅनव्हास भिंतीला टेकवला आणि धूळ फडक्यानं पुसली. मी बघतच राहिलो.

गुऱ्हाळाचं चित्र होतं. संध्याकाळची वेळ, मधे रस उकळायची भली मोठी काहील, तिच्यातून निघणारी वाफ. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस वाकलेला, त्याच्या हनुवटीवर खालून पडलेला लाल उजेड. एका बाजूला एक बाई पाठमोरी उभी. आचेपासून वाचण्यासाठी तिनं हात आडवा धरलेला, आणि बोटांच्या फटींतून तो उजेड आरपार येत होता. तो हात रंगवणारा माणूस कोण होता ते कळायला मार्ग नव्हता. कोपऱ्यातली सही कुणीतरी खरवडली होती. मी कला महाविद्यालयात पाच वर्षं घालवली होती, आणि तशी एक बोटाची फटसुद्धा मला आयुष्यात जमली नव्हती.

"हे कुठं होतं?" मी विचारलं.

"मागच्या खोलीत. आजून हाईत की. मागल्या बारीला दिला त्यो पन त्यातलाच."

म्हणजे मयत अध्यक्षांच्या गालाखाली काय होतं ते मी आता कधीच सांगू शकणार नव्हतो. पुढच्या बैठकीला मी ते चित्र घेऊन गेलो. भडंगाच्या पेटीशेजारी उभं केलं आणि म्हणालो, "साहेब, हे चित्र फार मोलाचं आहे. यावर रंगवता येणार नाही. हे भिंतीवर लावायला हवं."

सगळे वळून बघायला लागले. मला वाटलं, ही उसाच्या मुलखातली माणसं आहेत. चित्रातलं न कळू दे, गुऱ्हाळ तरी कळेल. अध्यक्षांनी चष्मा लावला, जवळ आले, बराच वेळ बघितलं.

"गुऱ्हाळ हाय हे," ते म्हणाले.

"हो."

"गुऱ्हाळवाले आमचा ऊस पळवत्यात मास्तर. आमी कारखान्याची मानसं. आन् आमच्याच भिंतीवर गुऱ्हाळ लावायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मी अजून विसरलेलो नाही, त्यांचं नव्हे, माझं.

सचिव म्हणाले, "मास्तर, तुमी लय मनाला लावून घेता. जुनं फडकं हाय ते. तुमाला नवा कॅनव्हास पायजे असंल तर तुमचा तुमी आना."

मी सांगलीला जाऊन कॅनव्हास घेऊन आलो. अध्यक्षांना त्यावर रंगवलं, त्यांच्या सांगण्यावरून मिशा काळ्या केल्या आणि टकलावर थोडे केस दिले. गुऱ्हाळ मी स्वतः मागच्या खोलीत नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. शिपायानं वर पोतं टाकलं.

तो म्हणाला, "मास्तर, घरी न्या की. कोन इचारतंय? हितं किती हाईत ते सचिवास्नीबी ठावं न्हाई."

"संस्थेची मालमत्ता आहे," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कुलूप लावलं. मला त्या वेळी आपण प्रामाणिक आहोत असं वाटलं होतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. सचिव आमच्या शाळेच्या मंडळावरही होते.

पुढच्या वर्षी उपाध्यक्षांचं तैलचित्र झालं. त्यासाठी मला बोलावलं नाही. दुसऱ्या एका शाळेचा चित्रकला शिक्षक मिळाला, जो नव्या कॅनव्हासचा हट्ट धरत नव्हता. अनावरणाचं आमंत्रण मात्र आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि दुसऱ्या रांगेत बसलो.

पडदा सरकला. खिडकीतून उजेड तिरपा येत होता, आणि त्या उजेडात उपाध्यक्षांच्या पोटावरून काहिलीचा काठ गेलेला स्पष्ट दिसत होता. रंगाचा उंच, गोल कंगोरा. कुणालाच दिसला नाही. दिसला असता तरी सदऱ्याची घडी वाटली असती. बाई कुठं असेल ते मी शोधत होतो. तिचा हात उपाध्यक्षांच्या डाव्या कानाखाली कुठंतरी असणार होता. टाळ्या सुरू झाल्या आणि मीही टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी सचिवांनी विचारलं, "कसं झालंय, मास्तर?"

"हुबेहूब," मी म्हणालो.

शिपाई चहाचे कप गोळा करत होता. माझा कप त्यानं उचलला नाही. सगळ्यांचे उचलले, माझा तेवढा ठेवून पुढं गेला. मी तो स्वतः नेऊन ट्रेमध्ये ठेवला.

समितीत माणसं पुष्कळ होती, त्यामुळं तैलचित्रं संपत नव्हती. दोन-तीन महिन्यांनी सचिव स्वतः शाळेत आले. आता खजिनदारांचं चित्र काढायचं होतं आणि दुसऱ्या मास्तरांची बदली साताऱ्याला झाली होती.

मला सांगता आलं असतं की, तुम्ही चांगली चित्रं पुसून त्यांवर आपली थोबाडं काढून घेताय, आणि मी ते करणार नाही. मी एवढंच म्हणालो, "साहेब, डोळ्यांना नीट दिसत नाही हल्ली. बारीक काम होत नाही."

"अरारा," सचिव म्हणाले, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय?"

माणूस वाईट नव्हता, हेच फार वाईट होतं. पुढच्याच रविवारी कारखान्यावर नेत्रशिबिर होतं. त्यांनी माझं नाव तिथं घातलं, न्यायला जीप पाठवली आणि रांगेत मला पुढं बसवलं. डॉक्टरांनी तपासलं, माझं वय विचारलं आणि चाळिशी लागल्याचं सांगून एक चष्मा दिला. मला त्यातून सगळं थोडं मोठं आणि धुरकट दिसायचं, आणि बारीक काम चष्म्यानंही जमत नाही असं मी सचिवांना सांगून टाकलं.

सचिवांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. त्यामुळं पुढची दोन वर्षं मी तो चष्मा घालूनच फळ्यावर फुलदाण्या काढल्या.