आईचे दोन ग्लास आणि मामाचा लॅपटॉप

हे मी कुणाला सांगायचं नाही, अशी मामाने मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आहे. पण तुम्ही काही माझ्या आईला ओळखत नाही. शिवाय माझ्या पोटात इतकी भीती साठली आहे, की थोडी कुठेतरी ओतली नाही तर मी फुटेन. तर ऐका. वर्गात 'येस सर'सुद्धा शेजारणीला म्हणायला लावणाऱ्या मुलीने अख्खं नांदेड रस्त्यावर कसं आणलं, ते!

बरं, अख्खं नाही. एक इमारत. पण आमच्या भागात एका इमारतीत खाली दुकानं, वर क्लास आणि त्याच्या वर पुन्हा क्लास असतात. म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

आधी ग्लासांचं सांगते. आई लातूरकडची. मोठा भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. फक्त झोपताना उशाशी, पत्र्याच्या पेटीवर, स्टीलचे दोन ग्लास एकावर एक पालथे ठेवते. जमीन हलली की ते किणकिणतात. किणकिणले की विचार करायचा नाही, ओरडायचं आणि उघड्यावर पळायचं. हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आमच्याकडे अधूनमधून जमीन हलतेही, त्यामुळे आईला कुणी हसत नाही.

मामा तिचा धाकटा भाऊ. तो भूकंपानंतर जन्मला, म्हणून त्याला कशाचीच भीती नाही, असं आई म्हणते. तो नांदेडजवळ लोह्याला कंत्राटावर नोकरी करतो, खोली करून एकटाच राहतो. त्याला लॅपटॉप घ्यायचा होता. आईचं म्हणणं, लग्नाला आलेल्या माणसाला गेम कशाला? म्हणून सगळं गुपचूप.

"हलका पायजे बघ रेणू. बॅगंत घालून यष्टीनं नेता आला पायजे. पिच्चर बघायचे, जरासा गेम खेळायचा. लई भारीतला नको. तू सायन्सची हायस, तूच निवडून दे."

"मामा, रविवारी माझी टेस्ट आहे."

"मंग? दुकान तुझ्या क्लासच्या खालीच तर हाय! दोन पेपरच्या मधी ये की."

दुसरा पेपर फिजिक्सचा होता. मला फिजिक्सची इतकी भीती वाटते, की मामाने त्या दिवशी विहिरीत उडी मारायला बोलावलं असतं तरी मी गेले असते. हजेरी आधीच झाली होती. मधली सुट्टी झाली आणि मी हळूच खाली उतरले.

मामा एकेक लॅपटॉप उचलून हातात तोलत होता.

"हा दोन किलो भरंल."

"मामू, लॅपटॉप हाय, कांदे न्हाईत," दुकानदार सलीमभाई म्हणाले.

मी मामाच्या कानात कुजबुजले, "ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का, विचार ना."

मामा ओरडला, "ओ सलीमभाई! भाची विचारायली, कार्ड कुठं हाय?"

"कार्ड आतमधी असतं बेटा."

मी पुन्हा कुजबुजले.

"भाची म्हणायली, तापतो का?"

"गेम लावला की समदेच तापतात. मांडीवर घिऊ नका, बस."

पहिल्या लॅपटॉपच्या बटणांमध्ये वरातीसारखे लाल-निळे दिवे होते, आणि चार्जर विटेएवढा. दुसरा पातळ होता, पण गेम लावला की अडखळायचा. तिसरा हलका, पडदा स्वच्छ, गेमही बऱ्यापैकी चालत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. माझी निवड चांगली होती. पुढे काहीही झालं तरी एवढं लक्षात ठेवा!

"चालवून तर बघा," म्हणत सलीमभाईंनी मामाच्या हातात गेमपॅड दिला. डोंगरातल्या रस्त्यावर जीप चालवायची होती. मामा रंगात आला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"ताई!" मामा पांढरा पडला. गेमपॅड काचेच्या काउंटरवर टाकून तो दाराकडे पळाला. "कुठं म्हंजी? लोह्यातच हाय की ताई!"

मी काउंटरला पाठ करून थिजले. आईने 'रेणू कुठंय' विचारलं तर? पेपर सुरू झाला असेल तर?

इकडे पडद्यावर मामाची जीप रस्ता सोडून दगडाधोंड्यांवरून दरीत गडगडत निघाली होती. ते मी पाहिलं नाही. आणि जीपला धक्के बसले की गेमपॅड थरथरतो, हे मला कुणी सांगितलं होतं का? त्याच काउंटरवर चहाच्या रिकाम्या ग्लासांची तारेची जाळी ठेवली होती.

किण. किणकिण. किणकिणकिण.

"भूकंप! पळा! बाहेर पळा!"

हा आवाज माझा होता, हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

सलीमभाईंनी एवढं पोट घेऊन काउंटरवरून उडी मारली. वरच्या मजल्यावर बाकं सरकली आणि सगळी मुलं एकदम जिन्यावर आली. त्यांच्या पायांनी इमारत खरोखर हादरली, त्यामुळे ज्यांना शंका होती त्यांचीही मिटली!

मामाच्या कानाला अजून फोन होता. "काय? वरडाय कोण लागलंय? हाव ताई, भूकंप! हाव, लोह्यातबी! लई जोराचा!"

आईने माझा आवाज ओळखला नाही. कसा ओळखणार? मला ओरडताना तिने कधी ऐकलंच नव्हतं.

रस्त्यावर ही गर्दी. एकजण सांगत होता, "मुदखेडला तर भांडी पडली म्हणं!" सलीमभाईंनी दारातून हळूच आत डोकावलं. जीप दरीत, गेमपॅड थरथरतोय, ग्लास किणकिणताहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

इतक्यात फिजिक्सचे सर मुलं मोजू लागले.

"एक कमी! कोण नाही? रेणुका! रेणुका कुठंय?"

"सर, बाथरूमला गेली होती," माझी शेजारीण रडत म्हणाली.

मी गर्दीच्या मागे, खांबाआड. पुढे झाले तर मी दुकानात होते, हे फुटणार. सरांचे गुडघे दुखतात, ते रोज जिन्यावर दोनदा थांबतात. ते सर आज कठड्याला धरून माझ्यासाठी वर निघाले. लोक अडवत होते. "सोडा, पोरगी हाय वर!" सर म्हणाले.

खरी भीती मला तेव्हा कळली. फिजिक्सची भीती काहीच नाही.

"सर! मी इथं आहे! खाली आहे!"

सर वळले. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता. आता पट्टी की पालकसभा? पण ते म्हणाले काय? "बघा पोरांनो! वरच्या मजल्यावरून सगळ्यात आधी खाली! याला म्हणतात प्रसंगावधान!"

टाळ्या! पेपर पुढे ढकलला. माझा फोटो पालकांच्या ग्रुपवर. संध्याकाळी आईने मला पोटाशी धरलं आणि ती रडली. "माझ्या ग्लासांनी पोरीला शहाणं केलं," असं गल्लीभर सांगून आली. तिचा चेहरा इतका सुखी मी कधी पाहिला नव्हता. आता सांगा, खरं सांगायला तोंड कसं उघडू? वर सरांनी क्लाससमोर माझं भाषण ठेवलंय, 'भूकंप आणि मी'.

आज मामा आमच्याकडे आलाय. तोच तिसरा लॅपटॉप त्याने घेतला, वर गेमपॅडही, आणि तो 'ऑफिसचा' आहे, असं आईला सांगितलंय. आई दुपारची आडवी झाली आहे आणि तिच्या उशाशी बसून तो 'ऑफिसचं काम' करतोय. मी स्वयंपाकघरात हे लिहितेय. हा बघा, आत्ताच पाणी प्यायला आला. हात रिकामे. म्हणजे गेमपॅड कुठे ठेवला याने? पेटीवर? मामा, त्या पेटीवर तर...

किण. किणकिण.

"रेणे! अगं रेणे, पळ भायेर! हादरायलंय!"

मामा माझ्याकडे बघतोय, मी मामाकडे. हा भूकंप नाही, हे आम्हा दोघांनाच माहीत आहे. पण ते आईला सांगायचं, तर मला कसं माहीत, तेही सांगावं ला—

"रेणे! क्लासात सगळ्यांच्या आधी पळालीस, आन् घरात बसून काय राहिलीस?"

आले, आई! पळते! भूकंप! बाहेर प