विमानात दिलेला शब्द

“हे वरचं बोलनं हाय, का खालचं?”

कोणी काही कबूल करायला लागलं की काकाजी हातातला मोजायचा लोखंडी गज कापडाच्या थानावर आडवा ठेवत आणि चष्म्याच्या वरून बघत हा प्रश्न विचारत. गिऱ्हाईक म्हणालं, पुढच्या लग्नसराईचं सगळं कापड तुमच्याकडूनच, तरी हाच प्रश्न. रंगाऱ्याने सोमवारचा वायदा केला, तरी हाच. नवखा माणूस गोंधळून छताकडे पाही आणि आम्ही दुकानातले हसत असू. तुम्हीही हसला असता. त्या प्रश्नामागची हकीकत ऐका, मग हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गांधीबागेच्या बाजारात आमच्या मालकांचं ठोक कापडाचं दुकान होतं. मी तिथे विक्रीचं बघे. काकाजी सर्वांत जुने, मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. धोतरावर काळा कोट, तोंडात सुपारी, आणि बोलणं असं की समोरच्याला राग यावा की हसू, ते कळू नये. मालकांची मुलगी सुमन लहानपणी थानांच्या ढिगावर चढून बसे. तिला उतरवायचं काम काकाजींचं. “उतर वं राणी, तुह्या बापाचं दिवाळं काढतं का?” असं म्हणत तिला खाली घेत, आणि ती पुन्हा चढली की पाठ फिरवून उभे राहत.

हीच सुमन मोठी होऊन उमरेडच्या एका शाळामास्तराशी लग्न करून गेली. मुलगा विणकराचा, जात वेगळी, वर काकाजींच्याच आळीतला. मालकांनी ‘आमची मुलगी मेली’ असं चारचौघांत सांगितलं. लग्न काकाजींनीच जुळवलं असा संशय त्यांनी मनात धरला, तो शेवटपर्यंत. काकाजींना तर लग्न झाल्याचं आमच्यानंतर कळलं होतं. पण सांगणार कोणाला? मालक वर्षभर त्यांच्याशी कामापुरतं बोलत.

सत्तर-बाहत्तरचा काळ असेल. मुंबईच्या एका मिलने आपल्या व्यापाऱ्यांना मेळाव्याला बोलावलं आणि चक्क विमानाची तिकिटं दिली. मालक, काकाजी आणि मी असे तिघे गेलो. जाताना काही झालं नाही. काकाजींनी उलटीसाठी दिलेली कागदी पिशवी सुपारी ठेवायला घेतली आणि हवाई सुंदरीला “माय, पानी दे वं” म्हणून हाक मारली. मालकांनी त्यांच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं.

परतताना भर मे महिन्याची दुपार होती. वर्धा मागे पडलं असेल, तेवढ्यात विमान हादरलं. बैलगाडी चाकोरीतून निसटावी तसं आधी डावीकडे, मग उजवीकडे. आणि मग ते पडलं. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. पाण्याचे पेले छतावर आपटले. हवाई सुंदरी मधल्या वाटेत पडली आणि खुर्चीचा पाय धरून तिथेच बसून राहिली. तिचा चेहरा पाहिला आणि माझी उरलीसुरली आशा संपली. मुंबईपासून मोठमोठ्या गप्पा मारणारा अकोल्याचा एक व्यापारी आईच्या नावाने ओरडत होता. विमान सावरलं आणि पुन्हा पडलं.

मालक खिडकीशी, काकाजी मध्ये, मी वाटेपलीकडे. मालकांनी एका हाताने काकाजींचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या गळ्याला चिमटीत पकडलं, शपथ घेताना पकडतात तसं.

“काकाजी, तुमच्या गळ्याची शपथ. वाचलो तं सुमनले घरी आनतो. बाळंतपनाले आनतो. तिले सांगा, बापानं बोलावलं.”

मालकांचे डोळे वाहत होते. काकाजी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणत होते, “हो मालक, हो. सांगतो.”

सुमनला सातवा महिना लागत होता. म्हणजे मालकांना ते ठाऊक होतं, आमच्यापैकी कोणी सांगितलेलं नसताना. हे मला आजही विसरता येत नाही.

विमान उतरलं. मालक मोटारीत बसून घरी गेले. काकाजी घरी गेलेच नाहीत. कोटावर कोणाची तरी उलटी, केसांत चिवडा, अशा अवतारात त्यांनी उमरेडची बस पकडली. आमच्याकडे दुसऱ्याच्या गळ्याची शपथ मोडली तर तो माणूस दगावतो असं मानतात, म्हणून ती कोणी मोडत नाही. काकाजींच्या मनात शंका आलीच नाही. त्यांनी सुमनच्या दारात उभं राहून, तिच्या सासूसमोर, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, “तुह्या बाबानं बोलावलं. माहेरून मानूस येईन तुले न्याले.”

पहिलं बाळंतपण माहेरी. पण पोरीने आपल्या पायाने जायचं नसतं. न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. सुमनने लुगडी धुऊन ट्रंक भरली आणि वाट पाहू लागली.

माणूस गेलं नाही. काकाजींनी आधी आडून सुचवलं, मग एके दिवशी मालकांच्या गादीसमोर उभे राहिले. मी तिथेच होतो.

“मालक, ते सुमनचं?”

“कोनतं?”

“विमानात बोलले ते.”

मालक हसले. “मानूस घाबरला का काहीही बरळते. तुम्ही ते धरून बसले काय?”

“माह्या गळ्याची शपथ घेतली होती तुम्ही.”

“मंग? जिते आहा ना तुम्ही?”

काकाजी गज उचलून कापड मोजायला लागले. सुमन सासरीच बाळंत झाली. सासूने तिला त्या ट्रंकेवरून किती टोमणे मारले असतील, ते मी लिहीत नाही. काकाजी बाळाला बघायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तुमी काहून सांगतलं, काकाजी? मी वाट तरी नसती पाह्यली.”

त्यानंतर त्यांच्या तोंडी तो वर-खालचा प्रश्न आला. मालकांच्या तोंडी मात्र दुसरीच गोष्ट आली. गिऱ्हाइकांना चहा पाजताना ते रंगवून सांगत, “विमान हाललं तं आमचे काकाजी लेकरावानी रडून राहिले! माहा हात सोडतच नव्हते!” लोक खो खो हसत. काकाजी कापड मोजत राहत. माझा संताप होई. दुकान सोडून का जात नाहीत, असं मी त्यांना विचारलंही. ते म्हणाले, “या वयात मले कोन घेते गा?” तो काही प्रश्न नव्हता.

अशी बरीच वर्षं गेली. मग मालकांना अर्धांगाचा झटका आला. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ते पडले होते. बायको आधीच गेलेली, आणि मुलगा बहिणीचं नाव निघालं तरी उठून जाणारा. एका दुपारी काकाजी आणि मी भेटायला गेलो. मालकांनी चांगला होता तो हात पुढे केला आणि काकाजींचं मनगट धरलं.

“सुमनले आना. तिले सांगा, बापानं बोलावलं.”

काकाजींनी हळूच मनगट सोडवून घेतलं आणि त्यांची चादर नीट केली.

“बरे व्हा मालक. तुमीच जाऊन सांगा.”

जिन्यात मी म्हणालो, “काकाजी, उद्याच उमरेडला जाऊ.”

“नाही.”

“अहो, ते मरायला टेकलेत.”

“त्या दिवशीबी तेच वाटलं होतं त्याले. एक डाव ट्रंक भरली तिनं. आता तिले निरोप द्यावा, आन् हा मानूस उठून बसला तं?”

तो माणूस उठून बसला नाही. त्याच आठवड्यात गेला.

तेरवीला सुमन आली. मांडवात न येता बाहेरच थांबली. काकाजी तिच्याकडे गेले. मी पाठोपाठ होतो, म्हणून ऐकलं.

“काकाजी, शेवटी माह्याबद्दल काही बोलले काय बाबा?”

काकाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “नाही वं माय.”

“मले वाटलंच,” ती म्हणाली, आणि न जेवता बसस्टँडकडे निघून गेली.

काकाजी दुसऱ्या दिवसापासून दुकानात आले नाहीत. त्यांच्या मुलाने नंदनवन वस्तीत घर बांधलं होतं, तिथे ते असत. मी अधूनमधून जाई. त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. ते वर-खालचं विचारायची खोडही गेली होती. नातवाने काही कबूल केलं तरी ते नुसते “बरं” म्हणत.

ते गेले तेव्हा सुमन उमरेडहून पहिल्या बसने आली. केस पांढरे व्हायला लागले होते. आपल्या बापासाठी रडली नव्हती, ती काकाजींच्या पायांशी बसून मोठ्याने रडली. मग डोळे पुसत मला म्हणाली, “एक डाव चुकले ते. पन माह्यासंग खोटं कधी बोलले नाही. एवढा एकच मानूस होता.”