पट्टीने मारलेली रेघ
बारकीचे बाबा लाकडाच्या वखारीत हिशेबनीस. घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. आईशी बोलायचे ते मीठ कमी पडलं तर, बारकीशी तेवढंही नाही. एकदा, बारा वर्षांची असताना, तिने जमाखर्चाचं गणित त्यांच्यापुढे सरकवलं आणि काय आश्चर्य, गृहस्थ चक्क पाऊण तास बोलले! "दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, कळलं का बाळ?" बाळ म्हणाले! त्या एका शब्दावर पोरीने पाच वर्षं काढली. खरं तर आकड्यांचा तिला मनस्वी कंटाळा. तिचा जीव रमायचा झाडापानांत. पण झाडांवर बाबा कधी अवाक्षर काढायचे नाहीत, वखारीत एवढं लाकूड असून.

शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यापीठाचा फॉर्म आला. विषय कोणता आणि का? वर्गातल्या कुणी लिहिलं, मामा म्हणाला म्हणून. कुणी लिहिलं, मैत्रीण घेतेय म्हणून. या वेडीने विषय लिहिला अकाउंटिंग, आणि कारण लिहिलं, 'बाबा माझ्याशी तेवढ्यापुरतेच बोलतात.'

खाली पालकांची सही हवी होती. संध्याकाळी तिने फॉर्म बाबांपुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. आता तरी विरघळतील, असं तिला वाटत होतं.

बाबांनी दोनदा वाचलं. मग पट्टी मागितली. वखारीच्या वहीत चुकलेलं गिरगटत नाहीत. पट्टी लावून एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी आपली आद्याक्षरं टाकायची. बाबांनी तेच केलं. वर लिहिलं, 'पक्की नोकरी'.

"फॉर्मवर असलं रडगाणं लिहितात?"

"पण बाबा, ते खरं आहे."

"असेल. इथे लागत नाही." सही ठोकून ते चहाला उठले.

महिन्याभराने विद्यापीठात मुलाखत झाली. प्राध्यापकांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, खोडलेलं मोठ्याने वाचलं आणि पोट धरून हसले. शेजारचा कारकूनही हसला.

"मग यातलं खरं कारण कोणतं?"

बारकीने फॉर्मकडे बोट दाखवलं. "वरचं, सर. खालची नोंद चुकली होती."

"शाब्बास! धंदा कळतो तुला." प्रवेश तिथल्या तिथे पक्का झाला.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, हसण्यासकट. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, कित्येक दिवसांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "माझी आद्याक्षरं स्पष्ट दिसली ना त्यांना?"