पितृपक्षातलं चलन

शर्ली तुस्कानोबद्दल दिनानाथांना माहीत तरी काय होतं? एव्हरशाईन सिटीच्या वळणावर ती वाहतूक हवालदार म्हणून उभी असे, माहेर नंदाखाल गावचं, आणि चहात साखर घेत नसे. बस, एवढंच. मुलं किती, हे विचारायचाही त्यांना धीर झाला नाही. पुढे तिची बदली झाली, तेसुद्धा त्यांना चहावाल्याकडून कळलं.

तिची एक गोष्ट मात्र सगळ्या नाक्याला ठाऊक होती. सख्खा भाऊ रॉकी फुलांचा टेम्पो विम्याशिवाय हाकताना सापडला, तेव्हा तिने त्यालाही सोडलं नव्हतं.

"अगं, मी तुझा भाऊ."

"बरं झालं. नाव विचारायचे कष्ट वाचले."

दिनानाथ हा किस्सा इमारतीत खुलवून सांगत. ही पाळी आपल्यावर येईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांच्या गाडीचा विमा संपला तो नेमका पितृपक्षात. "या पंधरवड्यात नवं काही करायचं नाही," आशालताबाईंनी नवऱ्याला बजावलं. "घटस्थापनेला भरा." दिनानाथांनी मान डोलावली. गाडी जाऊन जाणार कुठे, बाजारापर्यंत. पण वडिलांच्या श्राद्धाला केळीची पानं लागत, आणि ती मेव्हण्याच्या वाडीतलीच हवीत, हाही घरचाच दंडक. गुरुजी बाराला यायचे होते. मागच्या सीटवर पानांचा भारा घेऊन दिनानाथ लगबगीने परतत होते, तोच शर्लीने हात केला.

तिने मशीनमध्ये नंबर घातला. "काका, विमा संपलाय."

"पितृपक्ष आहे ना," दिनानाथ पुटपुटले. "नवं काही करत नाहीत."

"आमच्यातही ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लावत नाहीत. चलनं लावतो." मग ती जरा गंभीर झाली. "उद्या कुणाला तुमची धडक बसली, तर त्याला काय घटस्थापनेपर्यंत थांब म्हणणार?"

दिनानाथांनी घड्याळाकडे पाहिलं. "ताई, आज वडिलांचं श्राद्ध आहे. बाराच्या आत पानं पोचली नाहीत तर..."

"पानं पोचतील. गाडी नाही जायची."

चलन फाडलं ते फाडलंच, आणि गाडी पलीकडच्या चौकीसमोर लावायला लावली. मग तिनेच रिक्षा थांबवली, स्वतः भारा उचलून आत ठेवला आणि रिक्षावाल्याला दटावलं, "श्राद्धाची पानं आहेत. खड्डे बघून ने."

पानं वेळेत पोचली. गाडी कुठे, म्हणून आशालताबाईंनी विचारलं तेव्हा दिनानाथांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या पानं पुसत राहिल्या.

"अहो, पण जुनाच विमा पुढे चालवायचा," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यात नवं काय?"

हे आधी का सुचलं नाही, असं विचारण्याची दिनानाथांची छाती नव्हती. जेवणं उरकताच त्यांनी मोबाईलवरून विमा भरला.

दुसऱ्या दिवशी तो लागू झाल्यावर ते चौकीसमोरून गाडी न्यायला गेले. वळणावर गाडी शर्लीजवळ थांबवून त्यांनी न मागताच मोबाईल पुढे केला. तिने तारखा नीट वाचल्या.

"आता बरोबर. श्राद्ध झालं ना वेळेत?"

"झालं. कावळाही लगेच शिवला."

"मग वडील रागावलेले नाहीत. निघा काका, मागे बस खोळंबलीय."

"येतो हं."

"या."