दुपट्ट्याखालचा भाव

जगात धड अशी वस्तू अजून तयार व्हायची आहे, यावर आमच्या मामांचा ठाम विश्वास होता. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. राहायला अल्लीपूरला, आमच्या घराला लागून. धंदा हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या दलालीचा, तोही घेणाऱ्याच्या बाजूनं. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी ओढून धागा बघायचा आणि तोंड वाकडं करून नावं ठेवायची. माल जितका आवडला तितकी नावं जास्त, कारण तोंडून स्तुती निघाली की भाव चढलाच. खरा भाव तर तोंडानं बोलतच नसत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून सांगायचा. हे सगळं बाजारात ठेवून घरी यायचं असतं, एवढं मात्र मामांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुरणपोळीचा तुकडा मोडून ते आधी बोटांत चोळत, "ओल राह्यली" म्हणत आणि आणखी एक पोळी मागत. मामी निवांत असे. नावं ठेवली म्हणजे स्वयंपाक जमला, मुकाट्यानं जेवले तर मीठ विसरलं. माझ्या बहिणीला बघायला तळेगावची मंडळी आली, तेव्हा तर मामांनी कमालच केली. आमच्या बाजूला बसून म्हणाले, "रंग बरा हाये, पण लांबी कमी. अन् औंदा वजनही उतरलं." बाबांचा चेहरा पांढराफटक. मुलाचे वडील बिचारे ओशाळले. "असं काऊन म्हणता? पोरगी तं चांगली हाये." मामांनी आणखी नावं ठेवली, त्यांनी आणखी बाजू घेतली, आणि बोलता बोलता लग्न ठरवूनच ते उठले.

या तोंडाचा खरा मार बसला तो मामांच्या एकुलत्या एका पोरीला, कुसुमला. ती दरवर्षी पहिली यायची. मार्कांचा कागद घेऊन बापापुढे उभी राहायची, आणि मामा तो चिमटीत धरून म्हणायचे, "कागद हलका हाये." तिला साडी नको होती, फाउंटन पेन नको होतं. बापानं एकदा चांगलं म्हणावं, बस. "मॅट्रिकले तरी म्हणतीन ना, दादा?" ती मला विचारायची. मी हो म्हणायचो, पण माझा काही भरवसा नव्हता.

नागपूर अजून राजधानी होतं तेव्हाची गोष्ट. मॅट्रिकचा निकाल लागला आणि कुसुम तालुक्यात पहिली आली. पेपर घेऊन हेडमास्तर मोटारीनं थेट अल्लीपूरला आले आणि त्यांच्यामागे अर्धं गाव मामांच्या ओसरीवर.

"पोरगी हिरा आहे तुमची," हेडमास्तर म्हणाले.

मामा दचकले. "हळू बोला, मास्तर. भाव चढते."

मग सुरू झाले. गणित कच्चं. अक्षर बारीक. बाकीची पोट्टी अभ्यासाले बसलीच नसतीन. हेडमास्तर इरेला पेटले. तिचं गणित सांगितलं, निबंध सांगितला, वर्गात ती कुणाकुणाला शिकवते तेही सांगितलं. त्यांची स्तुती संपत आली की मामा नवी खोट काढत आणि मास्तरांना पुन्हा जोर येई. मामा मुद्दाम करून राहिले आहेत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. कुसुमच्या मात्र आलं नाही. ती डोळे पुसत आतून आली.

"लोकाइचं राहू द्या, बाबा. तुमचा भाव काय, ते सांगा."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तिचा हात त्याखाली घेतला. बाजाराची ही बोटांची भाषा ती त्यांच्या मांडीवर बसून शिकली होती. दुपट्टा बराच वेळ हलत राहिला. इतका लांबलेला भाव मी हिंगणघाटात कधी पाहिला नाही. रडता रडता कुसुम हसायला लागली. मामा आढ्याकडे बघत म्हणाले, "धूर झाला घरात." चूल अजून पेटलीही नव्हती.

"किती सांगितला?" हेडमास्तरांना राहवेना.

"सौद्याचं सांगत नसते, मास्तर."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखी नावं ठेवणारं कुणी उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुरणपोळी खाताना मला चुकल्यासारखं वाटतं. कुसुम नालवाडीला राहते, वर्ध्याच्या शाळेत शिकवते. भेटली की मी विचारतोच, "किती सांगितला होता गं मामांनी?"

ती उजवा हात पदराखाली घेते.

"सांगत नसते, दादा. पण उतरला नाई अजून."